पावलं जुळू न देणारी बाई

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण बायको एकदाही आपल्या पावलाला पाऊल लावून चालली नाही, ही शिंप्याची जाहीर तक्रार होती. छावणीच्या फाटकासमोर त्याचं दुकान. गणवेश शिवायचे, उसवलेले दुरुस्त करायचे, बढती मिळालेल्यांच्या बाहीवर नव्या फिती लावायच्या, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक जरा टेकलं की तो मशीन थांबवून सुरू व्हायचा. "बाजारात निघालो की मी डावा पाय टाकतो, तर ही उजवा. मी बदलला की हीसुद्धा बदलते. लोकांना वाटतं, भांडून निघालेत."

"भांडूनच निघालेलो असतो बहुतेक," त्याची बायको, म्हणजे हवालदारबाई म्हणायच्या.

खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. बाई लष्करी इस्पितळात स्ट्रेचर वाहणाऱ्यांना शिकवायच्या. सव्वीस वर्षं नोकरी, त्यातली सतरा याच कामात. आणि या कामाची पहिली अट अशी, की चौघांची पावलं जुळता कामा नयेत. चौघं एकदम डावा-उजवा, डावा-उजवा करत निघाले की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं, आणि वर मोडक्या हाडांचा माणूस असतो. म्हणून तिरक्या कोपऱ्यांवरचे दोघं डाव्या पायानं निघतात, उरलेले दोघं उजव्या. हिसके एकमेकांत जिरतात आणि मधला माणूस सपाट राहतो.

सांगायला चार वाक्यं. पण ज्या पोरांना भरतीच्या पहिल्या दिवसापासून पावलं जुळवायला शिकवलंय, नाही जुळली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात, त्यांच्या पायांतून ते काढायचं कसं? "दूध नासवणं कोणालाही जमतं," बाई म्हणायच्या. "नासलेल्याचं पुन्हा दूध करायचं काम माझ्याकडे दिलंय सरकारनं."

सतरा वर्षांत त्यांच्या हाताखालून शेकडो गेले. बरेचसे बरे होते, काही चांगले होते. पण आत्ताचे चौघं म्हणजे बाईंच्या मते जमलेलं काम. पुढे पैलवान आणि मौनी, मागे मास्तर आणि चिमणी. पैलवान नावाप्रमाणेच. मौनी दिवसाला सहा शब्द बोलायचा, त्यातले चार जेवणाच्या वेळी. मास्तर भरती होण्याआधी शाळेत गणित शिकवायचा आणि अजूनही छातीच्या खिशात पेन ठेवायचा, त्याच्या शाईचा डाग त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर होता. चिमणी चांगली उंचनिंच, हाडापेरानं दणकट मुलगी, पण आवाज असा बारीक की पहिल्याच हजेरीला कोणीतरी नाव ठेवलं, ते चिकटलं.

हे जमायला चौदा महिने लागले होते. पहिले तीन महिने नुसती भांडणं. पैलवान ओढायचा. चिमणी त्याला मागून शिव्या घालायची. मौनीचा हात घामानं निसटला तरी तो बोलायचा नाही, आणि एकदा त्याच्या त्या न बोलण्यापायी वाळूची पोती भरलेलं स्ट्रेचर मास्तरच्या पायावर आलं. तेव्हा बाईंनी नियम घातला. चौघांपैकी कोणीही "थांबा" म्हणालं की बाकीच्यांनी थांबायचं. जागच्या जागी. स्ट्रेचर खाली टेकेपर्यंत "का?" विचारायचं नाही.

"आणि कारण फालतू असलं तर?" पैलवान म्हणाला.

"तर फालतू कारणासाठी थांबायचं. जीव गेला तुझा?"

सातव्या महिन्यात मौनी पहिल्यांदा "थांबा" म्हणाला. बुटाची नाडी सुटली होती. पैलवान तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी सगळ्यांना चहा सांगितला, स्वतःकडून. त्यानंतर हळूहळू असं झालं की पैलवानाला सर्दी असली की मास्तर न सांगता पावलं आखूड टाकायचा. चिमणीनं श्वास घेतला की मौनीला कळायचं, आता वळण आहे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि ते शिकवलं कोणी असं विचारलं असतं तर बाईंनाही सांगता आलं नसतं.

आणि एका सकाळी हेडक्लार्क दोन कागद घेऊन स्ट्रेचरच्या शेडमध्ये आला.

पहिला कागद पाहणीचा. तीन आठवड्यांनी वरून मोठे साहेब येणार. मैदानावर स्ट्रेचरचं प्रात्यक्षिक, बँडच्या तालावर, "पावलं जुळवून". दुसरा कागद बदल्यांचा. पाहणी झाल्यावर आठ दिवसांत चौघं चार तुकड्यांत जाणार.

"चौघं चार ठिकाणी?" बाईंनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही वेगळं लिहिलं असेल तर. "का?"

"तरबेज आहेत म्हणून. प्रत्येक तुकडीला एकेक तरबेज माणूस मिळेल. विरजणासारखं आहे बाई. थोडं थोडं चार भांड्यांत घालायचं."

"अहो, गाडीची चाकं काढून चार ठिकाणी पाठवली तर चार गाड्या होतात का?"

हेडक्लार्क विचारात पडल्यासारखा दिसला. मग म्हणाला, "इथे सही करा. मिळाल्याची."

बाई तडक डॉक्टर कॅप्टनकडे गेल्या. कॅप्टन आठ महिन्यांपूर्वी आलेली, तिशीतली, शल्यक्रियेत हात असा की नर्सेस आपसांत तिचं कौतुक करायच्या. स्ट्रेचरचा विभाग तिच्याकडे होता, म्हणजे कागदावर होता. शेडमध्ये ती दोनदा आली होती, त्यातल्या एकदा रस्ता चुकून.

"मॅडम, स्ट्रेचर तालावर नेत नाहीत."

"मला माहीत आहे, हवालदार. पण वर बाहुला असणार आहे. त्याला काय दुखणार?"

"बाहुल्याला नाही दुखणार. पायांना सवय लागेल."

"तीन आठवड्यांत?"

"वाईट सवय लागायला तीन दिवस पुरतात, मॅडम. माझ्या नवऱ्याला तंबाखूचं विचारा."

कॅप्टन हसली नाही. टेबलावर फायली होत्या, दाराबाहेर रुग्ण होते. "आपल्या कर्नलसाहेबांना मैदानावर चार माणसं चार तऱ्हांनी पाय टाकताना दिसली, तर ते काय म्हणतील?"

"शिकलेली माणसं आहेत म्हणतील. त्यांना माहीत असेल तर."

"हवालदार."

"मॅडम."

एवढंच. पण त्या एका शब्दात कोणाच्या खांद्यावर काय आहे आणि कोणाच्या बाहीवर काय, ते सगळं आलं. बाईंनी टाचा जुळवल्या. बदल्यांचं विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की माणसांचं वाटप वरून होतं. 'वरून' हा शब्द बाई सव्वीस वर्षं ऐकत होत्या. पाऊससुद्धा वरूनच येतो, पण त्याचा निदान अंदाज तरी सांगतात.

तीन आठवडे तालीम चालली. सकाळी साडेआठ ते दहा, बँडसमोर. ढोलावर पहिला ठोका, डावा पाय. चौघांना काही अवघड गेलं नाही, तेच तर दुःख होतं. चौदा महिने खरवडून काढलेलं दीड दिवसात परत आलं. बाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून दात आवळायच्या. संध्याकाळी शेडमध्ये त्यांच्याकडून पुन्हा मोडकी, न जुळणारी चाल करून घ्यायच्या, आणि सकाळी पुन्हा ढोल.

"बाई, आता आम्हाला सर्कशीत घेतील," चिमणी म्हणाली. "सिंहाच्या मागे आम्ही."

"सिंह तरी तुमच्यापेक्षा बरा चालेल. मागचा उजवा, मास्तर, परत डावा आला तुझा."

"सॉरी बाई. कानात ढोल वाजतोय."

"काढ कानातून."

"कुठून काढू? पायात उतरलाय."

पाहणीला चार दिवस राहिले होते. सकाळचे पावणेनऊ. सरावाच्या उतारावर ट्रक उलटला आणि चालक खाली सापडला. रुग्णवाहिकेनं त्याला आणलं, पण फाटकाशी येऊन ती थांबली. आतल्या रस्त्यावर ताजं डांबर होतं, कडेच्या दगडांना ताजा चुना, आणि पहारेकऱ्याला हुकूम होता की पाहणी होईपर्यंत एकही चाक आत जाऊ द्यायचं नाही. रुग्णवाहिका आहे हे त्याला दिसत होतं. हुकुमात रुग्णवाहिकेचा अपवाद नाही, हेही त्याला पाठ होतं.

"अरे, माणूस मरतोय!" बाई म्हणाल्या.

"मी साहेबांना फोन लावतो," तो म्हणाला, आणि खरंच लावत बसला.

चौघं मैदानातून आधीच पळत निघाले होते. स्ट्रेचर खाली, चालक वर. बावीस-तेवीसचा असेल. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, पायाला फळ्या बांधलेल्या, ओठ पांढरे. शल्यगृह मैदानाच्या कडेनं साधारण अडीचशे पावलं. कॅप्टन पळत समोरून आली. सलाईनची बाटली बाईंनी हातात घेतली आणि त्या स्ट्रेचरशेजारून चालू लागल्या.

पहिली शंभर पावलं अशी गेली की बाईंनी तसं काम आयुष्यात पाहिलं नव्हतं. चौघं आठ पायांच्या एका जनावरासारखे चालले होते, आणि चालक जणू पाण्यावर तरंगत होता. त्यानं डोळे उघडून बाईंना विचारलंसुद्धा, "ट्रकला फार लागलंय का?"

"ट्रकला काही होत नाही रे. तू गप्प पड."

आणि मैदानावर बँड पुन्हा सुरू झाला. मुद्दाम कोणी केलं नाही. तालमीची वेळ होती, बँडला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून बँडनं वाजवलं.

बाईंना ते आधी हातात कळलं. बाटलीतलं पाणी हलायला लागलं. मग त्यांनी खाली पाहिलं. पैलवानाचा डावा, मौनीचा डावा. मागे मास्तरचा डावा. चौघांच्या नजरा समोर, चेहरे घट्ट, कोणाला पत्ता नाही. आठ बूट एका ठोक्यावर. स्ट्रेचर झुलायला लागलं आणि चालकाची हनुवटी एकदम वर गेली.

"थांबा!" चिमणी ओरडली.

स्ट्रेचर टेकवायला पैलवान वाकायला लागला होता. तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. "थांबू नका! रक्त जातंय, चला, चला!"

मागे ढोल, पुढे अधिकारी. सैन्यातल्या माणसाचे पाय आणखी कोणाचं ऐकणार? ते चालले. चिमणीसुद्धा चालली, स्वतःच थांबा म्हणून. नऊ पावलं. चालकानं "आई गं" म्हणून किंकाळी फोडली, आणि मग आवाजच बंद झाला.

"थांबा म्हणाली ना ती!" बाईंचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला असावा. स्ट्रेचर टेकलं. फळी सरकली होती, पट्टी लालभडक. कॅप्टन गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. "बांधायला द्या काहीतरी! जाड!" मास्तरनं कमरेचा पट्टा काढून दिला.

"ढोल बंद करा रे!" बाई मैदानाकडे वळून ओरडल्या.

ढोल बंद झाला नाही. बँडमास्तरानं सांगितल्याशिवाय ते कशाला थांबतील?

उरलेलं अंतर बाईंनी स्वतः पावलं सांगत नेलं. "पुढचा डावा, लहान टाक. मागे, तसंच. ऐकू नका ते, मला ऐका, मला." दारातून स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. चौघं बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. मास्तर पट्ट्याविना विजार धरून उभा होता आणि कोणालाही हसू आलं नाही.

दीड तासाचं काम पाच तासांचं झालं. चालक वाचला. पाय राहील की जाईल ते मात्र आठवडाभर सांगता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन शेडमध्ये आली. रस्ता चुकून नव्हे. हातात छापील अर्ज होता.

बाई रात्रभर तिच्याशी मनातल्या मनात भांडल्या होत्या. एकेक वाक्य घासून पुसून ठेवलं होतं. चौघं कोपऱ्यात कापडी पट्टे धूत होते, म्हणजे कान देऊन बसले होते.

"घटनेची नोंद करायची आहे," कॅप्टन म्हणाली. "हा रकाना. कोणाच्या चुकीनं."

"रकाना फार लहान आहे, मॅडम. त्यात चुनेवाला बसला तर बँडवाला बसत नाही."

"माझं नाव लिहा."

बाईंनी अर्जावरून मान वर केली.

"ती थांबा म्हणाली. मी म्हणाले, थांबू नका. मला वाटलं, वेळ वाचवतेय." कॅप्टनच्या डोळ्यांखाली काळं होतं. "साडेतीन तास वाढवले मी."

पदर खोचून भांडायला निघावं आणि समोरच्यानं दार उघडून आत बोलवावं, तसं बाईंचं झालं. घासून ठेवलेली वाक्यं वाया गेली, आणि त्याचाही राग आला.

"नाव लिहून काय होणार?" त्या म्हणाल्या. "झोपा."

"काय?"

"स्ट्रेचरवर झोपा, मॅडम. असू देत बूट."

चौघांच्या हातातले पट्टे बादलीत पडले. कॅप्टननं एकदा दाराकडे पाहिलं, टोपी काढून बाकावर ठेवली आणि आडवी झाली. शेडच्या मागच्या बोळातून चौघांनी तिला नेलं, मोडक्या चालीनं. चाळीस पावलं गेल्यावर ती म्हणाली, "निघायचं ना?"

"निघालोय केव्हाच," पैलवान म्हणाला. "पाठीमागचा नळ गेला बघा."

"आता जुळवून," बाई म्हणाल्या. "डावा! उजवा!"

दहाव्या पावलाला कॅप्टननं दोन्ही बाजूंच्या दांड्या धरल्या.

"धरू नका, मॅडम. त्याला धरता येत नव्हतं. आता समजा, मांडी मोडलीय. दोन ठिकाणी."

कॅप्टननं हात सोडले. बाई तिच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या आणि त्यांना थांबवायची काही घाई नव्हती.

"थांबा," चिमणी म्हणाली.

चौघं खिळल्यासारखे थांबले. कॅप्टन पायांकडे घसरता घसरता राहिली. स्ट्रेचर खाली आलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," पैलवान म्हणाला. "ती म्हणाली."

"का म्हणालीस?"

"मॅडम, बघायचं होतं," चिमणी म्हणाली. "तुम्ही वर असताना हे ऐकतात का माझं."

मौनी पहिला हसला. मग सगळेच, कॅप्टनसुद्धा, पडल्या पडल्या. मग आकाशाकडे बघत तिनं विचारलं, "याला किती दिवस लागले?"

"चौदा महिने. आणि मोडायला आठ दिवस."

कॅप्टन उठली, टोपी घातली आणि कर्नलच्या कार्यालयाकडे गेली. बाईंना वाटलं, झालं काम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की बोललेलं कुठेतरी पोचलं.

अकरा वाजता कॅप्टन परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आंबट औषध प्यायल्यासारखा भाव होता.

"प्रात्यक्षिक होणार. पण बँडमधली चार मुलं करतील."

"करू देत. बाहुलाच आहे."

"आणि बदली थांबवायला कारण लागतं. चांगले आहेत म्हणून कोणाला एका जागी ठेवता येत नाही. चांगल्यांना उलट पुढे पाठवतात."

"मग?"

"अपात्र असतील तर ठेवता येतं." कॅप्टननं चार छापील कागद पुढे केले. बाईंनी चष्मा लावून वाचलं. सदर जवानाची चाल कवायतीत जुळत नाही. पुढील प्रशिक्षणासाठी दोन वर्षं सध्याच्या जागीच ठेवावे. प्रशिक्षकाची सही.

"दोन वर्षं म्हणजे बढती नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे मी शिकवलेलं त्यांना आलं, म्हणून त्यांना नापास करायचं."

"हो."

"आणि सही माझी."

"साडेपाचपर्यंत." कॅप्टन दाराशी जाऊन वळली. "मी भांडले, बाई. खरंच भांडले." पहिल्यांदाच ती 'हवालदार' म्हणाली नाही. पण त्यानं कागदावरचं काही बदललं नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाई नवऱ्याच्या दुकानात गेल्या. चौघांचे कागद खिशात. शिंप्यानं डबा उघडून दोघांचं वाढलं. समोर दोरीवर एक सदरा लटकला होता, बाहीवर नवी कोरी फीत. छातीच्या खिशावर शाईचा डाग.

"हा मास्तरचा."

शिंप्यानं घास थांबवला. "तुला सांगू नको म्हणालाय."

"मला कळलंय ते तू सांगितलंस असं कोण म्हणतंय?"

"पुढच्या महिन्यात लागणार म्हणाला फीत. यादीत नाव आहे. आधीच शिवून ठेवा म्हणाला, नंतर गर्दी होते." शिंपी सदऱ्याकडे बघत राहिला. "बायकोचे दिवस भरत आलेत त्याच्या. सासऱ्याच्या घरी आहे ती, दोन खोल्यांत सात माणसं. फीत लागली की क्वार्टर मिळतं ना."

बाईंनी कागदांचं सांगितलं. शिंप्यानं सगळं ऐकलं.

"मग त्याला कशाला विचारतेस?" तो म्हणाला. "सही करून टाक. हुकूम आला म्हण. तुमच्यात चालतं की ते."

"म्हणजे मीसुद्धा 'वरून'."

"मी आपलं म्हटलं. उसवायला मलाच लागणार आहे."

बाईंना रागच आला, नवऱ्याचा, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा, की मघापासून त्यांच्या मनातही नेमकं तेच चाललं होतं. सही करायची, गप्प बसायचं, चौघं राहतील. मास्तरला कळायचंसुद्धा नाही कोणामुळे. वाचतील की माणसं त्यानं. खरंच वाचतील.

त्या शेडमध्ये गेल्या आणि चार कागद बाकावर मांडले. कोणाचा कुठला तेही दाखवलं. सगळं सांगितलं, दोन वर्षांचंसुद्धा.

"करा सही," पैलवान म्हणाला. "मला नको फीत. फीत लागली की सकाळी उठून लोकांवर ओरडावं लागतं."

"आईला सांगितलंय मी, वर्षात बढती," चिमणी म्हणाली. तिनं कागद पुन्हा वाचला. "जाऊ दे. सांगेन, साहेब लोक वेडे आहेत. खोटं थोडंच आहे? करा, बाई."

मौनीनं मान हलवली. मग पुरेसं झालं नाही असं वाटून म्हणाला, "करा."

मास्तर आपल्या कागदाकडे बघत होता.

"माझा नको, बाई."

"मास्तर!" चिमणी ताडकन उठली. "तीन पायांची खुर्ची करून जाणार?"

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? काल तो पोरगा कसा ओरडला, ऐकलंस ना? तू ज्या तुकडीत जाशील तिथे मागे कोण असेल तुझ्या? ढोलावर नाचणारे!"

"माहीत आहे मला!" मास्तरचा आवाज कोणी असा कधी ऐकला नव्हता. "माहीत आहे. पण माझी बायको स्वयंपाकघरात झोपते. नवव्या महिन्यात. सकाळी चूल पेटवायच्या आधी तिला उठवतात. दोन वर्षं अजून? तिला काय सांगू, आमची टीम चांगली आहे?"

बाहेर कोणीतरी चुन्याची बादली ओढत नेत होतं.

बाईंना त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. मग कर्नलच्या. मग ज्यानं हा कागद छापला त्याच्या, पण तो कोण, कुठे बसतो, कोणाला माहीत? समोर फक्त मास्तर होता, आणि मास्तरचं चुकत नव्हतं. हीच खरी चीड. ज्याच्यावर चिडावं तो कधी समोर येतच नाही. चिडायला मिळतात ती आपलीच माणसं.

त्यांनी मास्तरकडून पेन मागून घेतलं, तीन कागदांवर सह्या केल्या, चौथा फाडला आणि पेन त्याला परत दिलं. त्याच्याकडे न बघता.

कॅप्टननं कागद मोजले. "तीनच?"

"तीनच."

"चौथा कोणी देते मी. एक आहे, चांगला धडधाकट." तिनं यादी पाहिली आणि जरा कचरली. "गेल्या वर्षी कवायतीत पहिला आलेला."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पाहणी झाली. बँडच्या चार मुलांनी बाहुला इतक्या सुरेख तालात नेला की मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. चालकाचा पाय पुढे राहिला, पण तो आता आयुष्यभर जरा लंगडणार होता. पहारेकऱ्याला शाबासकी मिळाली, चुना अगदी पांढराशुभ्र राहिला म्हणून.

कवायतीत पहिला आलेला मुलगा पाहणीच्या दुसऱ्या दिवशी हजर झाला. सरळ, चकचकीत बुटांचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाच आपटणारा. पहिल्याच फेरीत त्यानं बाकीच्या तिघांची पावलं नकळत आपल्याशी जुळवून घेतली. चिमणीनं डोळे मिटले. पैलवान म्हणाला, "अरे बाबा, इथे बक्षीस नाही मिळत."

मास्तरचे सहा दिवस उरले होते. तो सकाळी सहाला यायचा आणि नव्या पोराच्या मागे मागे चालत त्याचा प्रत्येक पाय चुकवत राहायचा. खांद्यावर हात ठेवून, पोटरीवर टिचकी मारून, कधी कानाशी भलताच ताल धरून. "हं, आता जुळला. मोड. परत जुळला. मोड. अरे, शेजाऱ्याचं ऐकू नको, वजनाचं ऐक." पोरगा घामाघूम व्हायचा, आणि मास्तर त्याहून जास्त.

बाई त्याच्याशी पाच दिवस बोलल्या नाहीत. काम तेवढं सांगायच्या, तेही इतर कोणाकडे बघून. सहाव्या दिवशी दुपारी पोरानं कोणी न टोकता सलग तीस पावलं वेगळी टाकली, एकतिसावं जुळवलं, आणि स्वतःच "थांबा" म्हणाला. चौघं थांबले. मास्तर भिंतीला टेकून खाली बसला.

बाई त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. नजर मात्र बोळाच्या टोकाकडे.

"क्वार्टरला खिडकी आहे?"

"दोन आहेत, बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. "ऊठ. अजून संध्याकाळ आहे. वळणावर अजून जुळवतोय तो."